गृहारोग्य : केंसांना फुटणारे फाटे

लांब केंसांचें कौतुक आपल्याकडे फार जुनें आहे. मुलगी घरांत वावरूं लागली कीं शेजारच्या आजीबाईंपासून पाहुण्यांपर्यंत सर्वांची दृष्टि प्रथम तिच्या वेणीच्या लांबीकडे जाते; वेणीच्या टोंकाकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. पण जिची वेणी तिला तें टोंक रोज दिसतें. मुळाशीं काळाभोर व तुळतुळीत असणारा केंस टोंकाशीं पिंगट, राठ आणि भुरभुरीत झालेला असतो. उजेडांत धरून पाहिला तर एका केंसाचे दोन, कधीं तीनही फाटे झालेले दिसतात. कित्येकांच्या टोंकास तर पिसाप्रमाणें बारीक तंतु सुटलेले असतात. या प्रकारास वैद्यकांत 'ट्रायकॉप्टिलोसिस' असें लांबलचक नांव आहे. आपल्या घरांत 'केंसांना फाटे फुटले' असें म्हणतात, आणि तेंच नांव अधिक बोलकें आहे.

या विषयावर आमच्याकडे आलेल्या पत्रांत दोन प्रश्न मुख्य आहेत. पहिला असा कीं, कोणतें तेल अगर औषध लावलें असतां हे फाटे जुळतील? दुसरा प्रश्न एका मातेचा आहे आणि तो आमच्या मतें अधिक नाजूक आहे. त्यांची कॉलेजांत जाणारी मुलगी वेणी चार बोटें कापावयाची म्हणते. घरांतील आजींना मुलीच्या केंसांस कात्री लावणें मुळींच पसंत नाहीं. आणि एवढ्याशा कारणावरून आजी व नात यांच्यांतील बोलणें तुटण्याची वेळ आली आहे. दोन्ही प्रश्नांचें मूळ एकच असल्यामुळें त्यांचा विचार एकत्र करूं.

उत्तर आरंभींच सांगून टाकणें बरें. एकदां दुभंगलेला केंस पुन्हां जुळत नाहीं. कोणतेंही तेल, लेप, गोळी अगर पथ्य तें काम करूं शकत नाहीं. फुटलेल्या टोंकावर इलाज एकच, आणि तो कात्रीचा. नवे फाटे फुटूं न देणें मात्र बव्हंशीं आपल्या हातीं आहे, आणि त्यास पैसाही फारसा लागत नाहीं. असें कां, हें समजण्यासाठीं केंसाची रचना थोडी पाहिली पाहिजे.

केंसाची घडण

केंसाचा जिवंत भाग काय तो त्वचेच्या आंत, मुळाशीं असतो. तेथें नव्या पेशी उत्पन्न होतात आणि जुन्यांना वर ढकलतात. त्वचेबाहेर येईपर्यंत त्या मरून कठीण झालेल्या असतात. म्हणजे आपण जो केंस विंचरतों तो नखाच्या वाढलेल्या टोंकाप्रमाणें निर्जीव असतो. म्हणूनच तो कापतांना दुखत नाहीं. हातावर ओरखडा उठला तर कातडी आपली आपण भरून येते, कारण ती जिवंत आहे. केंसाला तशी सोय निसर्गानें ठेवलेली नाहीं.

केंसाची जाडी सामान्यतः मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. पण तेवढ्या जागेंतही बांधणी मोठी व्यवस्थित असते. आंत केराटिन नांवाच्या प्रथिनाचे उभे तंतु दोरखंडाच्या पेडांप्रमाणें एकत्र वळलेले असतात. त्यांच्यावर पातळ, पारदर्शक खवल्यांचें आच्छादन असतें. कोंकणांतील घरावर कौलें जशीं एकावर एक चढवून बसवितात, तसेच हे खवले बसलेले असून त्यांचीं मोकळीं तोंडें केंसाच्या टोंकाकडे असतात. मुळाशीं या खवल्यांचे ५ ते १० थर असतात, आणि त्यांवर अतिसूक्ष्म असा स्निग्ध लेप असतो. केंसाची तकाकी व गुळगुळीतपणा या आच्छादनामुळेंच. तें झिजून गेलें कीं, कौलें उडालेल्या घरासारखी आंतील भागाची स्थिति होते. पेड उघडे पडतात आणि दोरीच्या टोंकाप्रमाणें उकलूं लागतात. हाच फाटा.

टोंकेंच कां फुटतात, तें एका साध्या हिशेबानें कळेल. केंस महिन्याला सुमारें सव्वा सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला सुमारें १५ सेंटिमीटर वाढतो. एखाद्या मुलीचे केंस ७५ सेंटिमीटर लांब असतील तर त्यांचें टोंक ५ वर्षांपूर्वीं त्वचेबाहेर आलेलें आहे. आठवड्यांतून दोनदां न्हाणें धरलें तर तेवढ्या काळांत तें ५२० वेळां धुतलें गेलें. दिवसांतून दोनदां वेणीफणी धरली तर ३,६५० वेळां त्यावरून फणी फिरली. इतकें सोसलेलें टोंक आणि गेल्या महिन्यांत उगवलेलें मूळ हीं सारखीं कशीं दिसावींत? पातळाचा खालचा काठ जसा जमिनीशीं घासून विरतो, तसेंच हें आहे. फाटे फुटणें हा बहुधा आजार नसतो, ती झीज असते. ती अजिबात थांबवितां येत नाहीं. पण तिचा वेग पुष्कळच कमी करतां येतो.

झीज कशानें वाढते?

घर्षण, पाणी, उष्णता आणि तीव्र रासायनिक द्रव्यें हीं झिजेचीं चार प्रमुख कारणें होत. त्यांपैकीं पहिलीं दोन आपल्या रोजच्या संवयींत दडलेलीं असतात.

पाणी पिऊन केंस फुगतो. त्याची जाडी सुमारें १५ टक्क्यांनीं वाढते आणि खवले किंचित् उचलले जातात. ओला केंस कोरड्यापेक्षां अधिक ताणला जातो, आणि सहज दुखावतो. आतां आपली रीति पाहा. न्हाणें झालें कीं उन्हांत उभें राहून, मान एका बाजूस कलती करून, ओले केंस पंचानें सपासप झोडावयाचे; मग ते अर्धवट ओले असतांनाच बारीक दांतांची फणी मुळापासून टोंकापर्यंत जोरानें ओढावयाची. फणींत गुंता अडकला तर आणखी जोर करावयाचा! ज्या वेळीं केंस सर्वांत दुबळा असतो, नेमका त्याच वेळीं आपण त्याला सर्वांत अधिक मारतों. अंगाला लावावयाच्या साबणानें केंस धुण्याची संवयही अशीच हानिकारक आहे. साबण अल्कधर्मी असल्यामुळें खवले उचलले जातात. आणि विहिरीचें पाणी जड असेल तर साबणाचा चिकट साका केंसांवर बसून त्यांचा गुंता वाढतो. शिकेकाईचा काढा आम्लधर्मी असल्यामुळें तो या दृष्टीनें साबणाहून बरा. मात्र पूड नीट गाळलेली असावी, नाहींतर तिचे कण केंसांत राहून विंचरतांना घासतात.

उष्णतेचें कारण अलीकडच्या काळांतलें. केंस सरळ अगर कुरळे करण्याचे विजेचे चिमटे १८० ते २३० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापतात. ओल्या केंसाला तो चिमटा लावला तर आंतील पाण्याची एकदम वाफ होते व केंसाच्या अंगांत सूक्ष्म फोड उठतात. तेथेंच तो पुढें तुटतो. लग्नसमारंभाच्या दिवशीं एकदां चिमटा लावल्यानें कांहीं बिघडणार नाहीं. पण रोज सकाळीं कॉलेजला जाण्यापूर्वीं तो लावणें म्हणजे टोंकांवर निखारा ठेवणेंच होय. रंग फिका करणारीं आणि केंस कायमचे सरळ करणारीं द्रव्यें याहून खोल जातात. केंसांतील प्रथिनाचे तंतु गंधकाच्या दुव्यांनीं एकमेकांस बांधलेले असतात; तीं द्रव्यें या दुव्यांनाच धक्का लावतात. हें करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. त्याची किंमत टोंकें देतात, हें जाणून करावें.

न्हाण्याच्या दिवशीं काय करावें?

न्हाण्यापूर्वीं वेणी सोडून केंस कोरडे असतांनाच रुंद दांतांच्या कंगव्यानें मोकळे करावे. विंचरतांना आरंभ टोंकापासून करावा. खालचा वीतभर भाग सुटला कीं त्याच्या वरचा घ्यावा, आणि असें चढत चढत मुळापर्यंत जावें. मुळापासून आरंभ केला तर सगळा गुंता लोटत टोंकाशीं जातो आणि तेथें त्याची गांठ बसते.

नंतर केंसांना, विशेषतः खालच्या अर्ध्या भागाला, थोडें खोबरेल लावून तासभर थांबावें. आपल्या आज्या न्हाण्याआधीं तेल लावीत, त्यांत तथ्य आहे. २००३ सालीं मुंबईच्या दोघा संशोधकांनीं खोबरेल, सूर्यफुलाचें तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुतांना केंसांतून जें प्रथिन निघून जातें, तें खोबरेल लावल्यानें कमी झालें. इतर दोन तेलांचा तसा उपयोग दिसला नाहीं. खोबरेलांतील लॉरिक आम्लाचे रेणू लहान व सरळ असल्यामुळें तें केंसाच्या आंत शिरूं शकतें, अशी त्यांची उपपत्ति आहे. हें काम खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेंत झालें होतें, हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पण चमचाभर तेलाचा खर्च तो किती! मात्र तेलाची कामगिरी नीट समजून घ्यावी. तें फुटलेला फाटा जोडीत नाहीं. न फुटलेल्या केंसाचें पाण्यापासून रक्षण करतें, इतकेंच.

धुतांना शिकेकाई अगर शाम्पू टाळूला चोळावा, केंसांच्या लांबीला नव्हे. मळ टाळूवर असतो; वरून वाहत येणारा फेंस टोंकांना पुरेसा होतो. सगळे केंस डोक्यावर गोळा करून, कपडे धुतल्यासारखे चोळूं नयेत. शाम्पूनंतर कंडिशनर वापरीत असाल तर तो टोंकांना लावावा, टाळूला नको. त्यानें केंस निसरडे होतात व एकमेकांवर घासत नाहींत. हा त्याचा खरा उपयोग आहे.

मग जुन्या मऊ सुती पातळाच्या तुकड्यांत केंस गुंडाळून हलकेच दाबावे. झोडूं नये, पिळूं नये. ते वाऱ्यावर वाळूं द्यावे आणि जवळजवळ कोरडे झाल्यावर विंचरावे. ज्यांचे केंस कुरळे आहेत त्यांना मात्र हा शेवटचा नियम उलट लागू पडतो. कुरळे केंस कोरडे विंचरले असतां अधिक तुटतात. ते ओले असतांनाच, कंडिशनर अगर थोडें तेल लावून, बोटांनीं व रुंद कंगव्यानें सोडवावे.

इतर दिवसांचे नियम थोडेच आहेत. वेणीच्या शेवटीं उघडें रबर बांधूं नये; तें काढतांना दोन-चार केंस तुटतातच. कापडी फीत किंवा लोकरीची आगवळ चांगली. रात्रीं केंस मोकळे सोडून निजूं नये, सैल वेणी घालावी. उशीवर रात्रभर घासल्यानेंही टोंकें विरतात. दुचाकीवरून जाणाऱ्या मुलींनीं वेणी ओढणीच्या आंत घ्यावी. वाऱ्यावर फडफडणारें टोंक दिवसेंदिवस झिजत जातें.

कात्रीविषयीं

आतां त्या मातेच्या प्रश्नाकडे वळूं. आजींची नापसंती नुसत्या हट्टाची आहे असें समजून मुलीनें ती उडवून लावूं नये. आपल्या ब्राह्मण घरांत स्त्रीच्या केंसांस शस्त्र लागणें याचा एक भयंकर अर्थ एके काळीं होता. पति निवर्तलेल्या कोवळ्या मुलींचें वपन आपल्याच पूर्वजांनीं, शास्त्राच्या नांवाखालीं, बळानें केलें. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो' या कादंबरींतील यमूवर अखेरीस तोच प्रसंग ओढवतो. १८९० सालीं मुंबईच्या नाभिकांनीं सभा भरवून, असें वपन आपण करणार नाहीं, असा निश्चय केला. सुशिक्षित म्हणविणाऱ्या कित्येक घरांना त्यानंतरही पुष्कळ वर्षें तें सुचलें नाहीं. ज्या घरांत पणजी लाल आलवणांत वावरलेली असते, त्या घरांतील आजींना नातीच्या डोक्याजवळ कात्री पाहून चर्र होतें. कारण त्यांनाही नेमकें सांगतां येत नसेल. पण तें आहे, आणि तें आदरानें समजून घेण्याजोगें आहे.

पण वडील मंडळींनींही एक भेद लक्षांत घ्यावा. तें वपन मुलीच्या इच्छेविरुद्ध, तिला विरूप करण्यासाठीं होतें. हें कापणें तिच्या इच्छेनें, केंस राखण्यासाठीं आहे. आणि न कापल्यानें लांबी राहते ही समजूतही खरी नाहीं. फाटा एका जागीं थांबत नाहीं. तो वर चढत जातो आणि केंस मधेंच तुटतो. सगळे केंस एकाच ठिकाणीं तुटत नसल्यामुळें वेणी खालीं निमुळती होत होत उंदराच्या शेपटासारखी दिसूं लागते. म्हणजे लांबी जावयाची ती जातेच, वर शोभाही जाते.

उलट हिशेब करून पाहा. दर तीन महिन्यांनीं १ सेंटिमीटर कापलें तर वर्षाला ४ सेंटिमीटर गेले. वाढ १५ सेंटिमीटरांची. म्हणजे ११ सेंटिमीटर पदरांत पडले, आणि तेही भरदार. या पत्रांतील मुलीची चार बोटें म्हणजे सुमारें ७ सेंटिमीटर. तेवढे केंस सहा महिन्यांच्या आंत परत येतील. मात्र कापल्यानें केंस अधिक वेगानें अगर अधिक दाट वाढतात, हा समजही चुकीचा आहे. टोंकाशीं काय चाललें आहे याची मुळाला वार्ता नसते.

कापणें घरींही होण्यासारखें आहे. केंस धुतलेले व पूर्ण कोरडे असावे आणि जागा भरपूर उजेडाची असावी. कात्री धारदार व केवळ केंसांसाठीं राखलेली हवी. कागद, सुतळी व दुधाच्या पिशव्या कापून बोथटलेल्या कात्रीनें केंस कापला न जातां चिरडला जातो आणि तेथून नवा फाटा फुटतो. बोटाएवढी बट घेऊन तिला हलका पीळ द्यावा, म्हणजे फुटलेलीं टोंकें आपोआप बाहेर डोकावतात. प्रत्येक फाट्याच्या वर सुमारें १ सेंटिमीटर अंतरावर केंस आडवा कापावा. फाट्याला अगदीं लागून कापल्यास चीर आंत राहून जाते. वाचतां वाचतां फाटे नखांनीं सोलण्याची संवय पुष्कळ मुलींना असते. ती मोडावी, कारण त्यानें चीर आणखी वर जाते.

आमची त्या मातेस सूचना अशी कीं, ही कात्री आजींच्याच हातीं द्यावी. सकाळच्या उन्हांत नातीला पुढें बसवून, चष्मा लावून, त्यांनीं स्वतः टोंकें पाहावीं. फाटे एकदां डोळ्यांनीं दिसले म्हणजे काय कापावयाचें व काय राखावयाचें हें त्याच ठरवितील. अमावास्या अगर एखादा वार टाळावयाचा असेल तर खुशाल टाळावा; केंसाला तिथिवारांचें सोयरसुतक नसतें, आणि एका दिवसानें कांहीं अडत नाहीं.

बाजारांतील औषधांविषयीं

'फाटे जोडणारीं' म्हणून जीं द्रव्यें विकलीं जातात त्यांत बहुधा सिलिकोन किंवा तत्सम पदार्थ असतात. ते फुटलेल्या टोंकावर पातळ कवच चढवितात. त्यामुळें फाटे कांहीं काळ एकत्र चिकटतात आणि केंस चकाकतो. हा गुण खरा, पण उसना. पुढच्या एक-दोन न्हाण्यांत तो धुऊन जातो. समारंभापुरतें वापरावयाचें असेल तर हरकत नाहीं. त्याला उपचार मात्र समजूं नये.

बायोटिनच्या गोळ्यांविषयीं अधिक सावध राहावें. शरीरांत त्या जीवनसत्त्वाची उणीव क्वचितच असते, आणि उणीव नसतां गोळ्या घेतल्यानें केंसांना लाभ होतो असा भरंवशाचा पुरावा नाहीं. शिवाय पांच वर्षांपूर्वीं त्वचेबाहेर पडलेल्या टोंकापर्यंत गोळी पोंचणार तरी कशी? या गोळ्यांमुळें कांहीं रक्तचाचण्यांचे आंकडे चुकीचे येऊं शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध-खात्यानें २०१७ सालीं दिला होता. त्यांत हृदयविकाराच्या निदानाची एक महत्त्वाची चाचणीही होती. कोणी या गोळ्या घेत असेल तर रक्त देण्यापूर्वीं तें डॉक्टरांना सांगावें.

डॉक्टरांकडे केव्हां जावें, तेंही सांगणें अवश्य आहे. केंस टोंकाऐवजीं मधेंच, पांढऱ्या ठिपक्यांसारख्या गांठींशीं तुटत असतील. लहान मुलाचे केंस जन्मापासूनच ठिसूळ असून वाढतच नसतील. किंवा केंस एकाएकीं राठ व कोरडे होऊन त्यासोबत थकवा, थंडी सहन न होणें व वजन वाढणें हीं लक्षणें दिसत असतील, तर तें निव्वळ झिजेचें लक्षण नव्हे. शेवटच्या प्रकारांत थायरॉइड ग्रंथीची तपासणी करून घ्यावी. मुळापासून केंस गळणें ही तर सर्वस्वी निराळी तक्रार आहे; तिचा आणि फाट्यांचा घोंटाळा करूं नये.

ज्या भगिनींना एकदम सगळे नियम पाळणें कठीण वाटेल त्यांनीं निदान दोन पाळावे : ओले केंस झोडूं नयेत, आणि विंचरण्यास टोंकापासून आरंभ करावा. हें तीन महिने करून, त्यानंतर निघालेल्या फाट्यांची पूर्वीच्याशीं तुलना करावी व अनुभव आम्हांस अवश्य कळवावा. कोंड्याविषयीं पुष्कळ भगिनींनीं विचारलें आहे; त्याचा विचार पुढील अंकीं करूं.